नागरीची ओळ आणि तिची उंची : वर्ध्याच्या लिपिसुधारणेची मुद्रणदृष्ट्या समीक्षा

सारांश

वर्धा हे विसाव्या शतकातील नागरी लिपिसुधारणेचे एक प्रमुख केंद्र होते. काकासाहेब कालेलकर यांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी येथील राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या प्रकाशनांतून प्रत्यक्ष छापली गेली. या सुधारणेची चर्चा आजवर प्रामुख्याने भाषाशास्त्रीय व राष्ट्रीय अंगाने झाली. प्रस्तुत लेखात ती छापील पानाच्या अंगाने तपासली आहे. खिळ्यांची संख्या कमी करणे हे सुधारकांचे उद्दिष्ट होते. नागरी पानाची खरी अडचण मात्र ओळीच्या उंचीत आहे, आणि त्या अडचणीला ही सुधारणा भिडली नाही. संगणकीय अक्षरजुळणीने खिळ्यांच्या संख्येचा प्रश्न संपवला, पण ओळीच्या उंचीचा प्रश्न रोमन लिपीच्या मापाने सोडवण्याची सवय लावली. शोधप्रबंध व नियतकालिके यांच्या मांडणीविषयीचे प्रचलित नियम या सवयीचेच अपत्य आहेत, असा या लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजशब्द : देवनागरी, लिपिसुधारणा, ‘अ’ची बाराखडी, अक्षरजुळणी, ओळींमधील अंतर, पानाची मांडणी, वर्धा.

१. प्रस्तावना

१९३४ पासून महात्मा गांधींचे वास्तव्य वर्ध्यात आणि १९३६ पासून सेवाग्राम येथे होते. १९३६ च्या नागपूर येथील हिंदी साहित्य संमेलनाच्या अधिवेशनानंतर वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली. तत्पूर्वी १९३५ च्या इंदूर अधिवेशनात, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, नागरी लिपीच्या सुधारणेसाठी समिती नेमण्यात आली होती व तिचे संयोजकत्व काकासाहेब कालेलकर यांच्याकडे होते. विनोबा भावे यांनी १९४२ नंतरच्या कारावासात, वेल्लोरच्या तुरुंगात, दक्षिणेतील चार भाषांच्या अभ्यासाबरोबरच लोकनागरी लिपीचा विचार सुरू केला. पुढे १९९७ मध्ये महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाची स्थापनाही याच शहरात झाली. लिपी, भाषा आणि छपाई या तिन्ही गोष्टींचा एकत्र विचार वर्धा जिल्ह्यात जितका झाला, तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच झाला असेल.

या विचारामागे एक निश्चित सामाजिक हेतू होता. पुस्तक स्वस्त व्हावे, नवसाक्षराला लवकर वाचता यावे आणि लहान गावातील छापखान्यालाही नागरीची जुळणी परवडावी, अशी ती भूमिका होती. हा हेतू आजही मोलाचा आहे. म्हणूनच त्या हेतूसाठी निवडलेला मार्ग कितपत योग्य होता, याची चिकित्सा आवश्यक ठरते. ही चिकित्सा केवळ ऐतिहासिक नाही. महाविद्यालयांत व विद्यापीठांत आज जो मराठी मजकूर तयार होतो, त्याच्या पानावर तोच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे.

२. नागरी ओळीची घडण

रोमन लिपीतील ओळीची उभी घडण तुलनेने साधी आहे. बहुतेक लहान अक्षरे एका मधल्या पट्ट्यात बसतात. काहींचे दांडे वर जातात, काहींची शेपटे खाली उतरतात. वरचा व खालचा हा विस्तार अक्षराच्या मापातच धरलेला असतो. त्यामुळे अक्षरमापाच्या एकपंचमांश इतके अंतर वाढवून दिले की दोन ओळी सुटसुटीत दिसतात. दहा पॉइंट अक्षराला बारा पॉइंटची ओळ, हे प्रमाण तेथूनच आले.

नागरीची ओळ शिरोरेषेला टांगलेली असते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार व अनुस्वार यांचा थर असतो. खाली अक्षराचे अंग, त्याखाली उकार, ऋकार आणि उभी जोडाक्षरे यांचा थर असतो. हे थर एकावर एक चढतात. ‘मूर्तींचे’ या शब्दात एकाच अक्षरावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात. ‘टट्टू’ या शब्दात एका ‘ट’खाली दुसरा ‘ट’ आणि त्याखाली दीर्घ उकार लोंबतो. वरच्या ओळीत ‘टट्टू’ आणि त्याच्या नेमके खाली ‘मूर्तींचे’ आला, तर त्या दोन ओळींमधील जागा पुरेशी आहे की नाही हे तत्काळ कळते. कोणत्याही मराठी पानाच्या मांडणीची ही सोपी कसोटी ठरावी.

जागा अपुरी पडली तर केवळ सौंदर्याची हानी होते असे नाही. मराठीत शिरोरेषेवरील एका बिंदूवर वचन आणि आदर अवलंबून असतात. ‘त्याचे मत’ आणि ‘त्यांचे मत’ यांतील फरक अनुस्वाराचा आहे. ‘शाळेत’ या शब्दाला अनुस्वाराची गरज नाही, पण ‘शाळांत’ या शब्दाचे अनेकवचन त्या बिंदूतच आहे. उकाराचेही तेच. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. खादीच्या या जिल्ह्यात हा भेद सांगण्याची गरज नसावी. वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या अनुस्वाराला चिकटला, की वाचक क्षणभर अडखळतो, आणि नवसाक्षर वाचक तर चुकतो. म्हणजे ओळींमधील अंतर हा मराठीत अर्थाशी निगडित असा विषय आहे.

३. खिळ्यांचा काळ आणि ओळीचा रक्षक

शिशाच्या खिळ्यांच्या काळात ओळीच्या उंचीचा प्रश्न धातूनेच एका परीने सोडवला होता. खिळ्याला स्वतःचे अंग असे. दोन ओळी कितीही जवळ आणल्या तरी एका खिळ्याचे अंग दुसऱ्याच्या अंगात शिरू शकत नसे. अधिक मोकळीक हवी असल्यास दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालत, त्यांना छापखान्यात ‘लेड’ म्हणत. पट्ट्या न घालता जुळवलेल्या मजकुरातही अंगाच्या उंचीइतके अंतर राहतच असे. या अर्थाने खिळ्याचे अंग हे ओळीचे रक्षक होते.

त्याची किंमत मात्र मोठी होती. नागरीतील प्रत्येक अक्षर, त्याचे अर्धे रूप, जोडाक्षरे आणि मात्रांसह होणारी रूपे मिळून खिळ्यांची संख्या काही शेकड्यांत जाई. रोमन मजकुराच्या जुळाऱ्याला दोन केस पुरत, नागरीच्या जुळाऱ्याला त्याहून कितीतरी अधिक घरे हाताखाली असावी लागत. हे टाळण्यासाठी मात्रांचे खिळे वेगळे पाडून ते अक्षरांच्या वरखाली बसवण्याची पद्धत होती, पण त्यात एका ओळीसाठी तीन थर जुळवावे लागत. मात्रा अक्षराच्या अंगाबाहेर लोंबती ठेवली तर ती दाबाखाली मोडे. जुन्या पुस्तकांत तुटलेल्या वेलांट्या आणि गळालेले अनुस्वार दिसतात, त्यांमागे हे एक कारण आहे.

जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने या अडचणींतूनही मुद्रणाचा उच्च दर्जा साधला. लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या दृष्टीने स्वतः लक्ष घातले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी नागरी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’च्या बाराखडीचा आग्रह धरला. या सर्व प्रयत्नांचे तांत्रिक विवेचन बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या, भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केलेल्या, ग्रंथात उपलब्ध आहे. या परंपरेत संख्या ही मुख्य चिंता राहिली. केसमधील घरे मोजली गेली. ओळीची उंची कोणी फारशी मोजली नाही, कारण ती खिळ्याच्या अंगाने आपोआप सांभाळली जात होती.

४. वर्ध्याची बाराखडी : मूल्यमापन

कालेलकरांच्या सुधारणेचे सूत्र सुबोध होते. ‘ओ’ आणि ‘औ’ ही स्वरचिन्हे मुळातच ‘अ’च्या आधारे लिहिली जातात. ‘अं’ आणि ‘अः’ यांचेही तसेच. मग ‘इ, ई, उ, ऊ, ए, ऐ’ यांना स्वतंत्र आकृती का असाव्यात? त्यांच्याऐवजी ‘अि, अी, अु, अू, अे, अै’ लिहिले तर सहा स्वतंत्र आकृती वगळता येतात आणि शिकणाऱ्याला एकच बाराखडी पाठ करावी लागते. ‘हरिजनसेवक’ या पत्रात आणि वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या प्रकाशनांत ही पद्धत वापरली गेली. हिंदी शिकणाऱ्या अनेकांच्या हाती ‘अिस’, ‘अुस’, ‘अेक’ अशी रूपे प्रथम याच पुस्तकांतून आली.

शिक्षणाच्या दृष्टीने या युक्तिवादात बळ आहे. स्वरासाठी एक आधारचिन्ह घेऊन त्यावर मात्रा चढवणे ही कल्पना भारतीय लिपींना परकी नाही. गुरुमुखीत तीन स्वरवाहक चिन्हांवर सर्व स्वर उभे राहतात. त्यामुळे ही सुधारणा अशास्त्रीय होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. आचार्य नरेंद्र देव समितीने १९४७ नंतर ‘अ’ची बाराखडी अमान्य केली, ती प्रामुख्याने ती भ्रामक आहे या कारणाने. ‘अि’ लिहिल्याने ‘अ’ आणि ‘इ’ असे दोन स्वर असल्याचा भास होतो, हा आक्षेपही टाळण्याजोगा नाही.

परंतु या वादात दोन्ही पक्षांकडून एक गोष्ट निसटली. पारंपरिक ‘उ’, ‘ऊ’ आणि ‘ए’ ही अक्षरे बहुतांशी ओळीच्या मधल्या पट्ट्यातच मावतात. त्यांना शिरोरेषेच्या वर किंवा अंगाच्या खाली वेगळा थर लागत नाही. ‘इ’चेही साधारण तसेच आहे. त्यांची जागा ‘अु’, ‘अू’, ‘अे’, ‘अि’ यांनी घेतली, की जो स्वर मधल्या पट्ट्यात सुखाने राहत होता तो वरच्या किंवा खालच्या थरात जातो. ‘उपयोग’ या शब्दाला ओळीखाली जागा लागत नाही, ‘अुपयोग’ला लागते. ‘एक’ला शिरोरेषेवर काही नाही, ‘अेक’ला मात्रा आहे. केसमधील सहा घरे वाचली, पण ओळीच्या वरखाली चिन्हांची गर्दी वाढली.

यावर असे म्हणता येईल की, व्यंजनांना मात्रा लागतातच, तेव्हा ओळीची कमाल उंची या सुधारणेने वाढत नाही. हे खरे आहे. तथापि वाचकाच्या डोळ्याला केवळ कमाल उंची जाणवत नाही, त्या उंचीवर चिन्हे किती दाट येतात हेही जाणवते. वरचा आणि खालचा थर जितका दाट, तितकी दोन ओळींमधील पांढरी पट्टी तुटक दिसते आणि नजर एका ओळीच्या अखेरीवरून दुसरीच्या आरंभी येताना तिला आधार कमी मिळतो. शब्दारंभीचे स्वर मराठीत व हिंदीत वारंवार येतात, त्यामुळे हा परिणाम किरकोळ मानता येत नाही. याशिवाय शब्दांच्या पहिल्या आकृतीचे वैविध्य कमी होते. ‘इ’, ‘उ’, ‘ए’ यांच्या तीन वेगळ्या आकृती नजरेला दुरून ओळखता येतात. त्यांच्या जागी तीन वेळा ‘अ’ आल्यास भेद केवळ लहान चिन्हावर उरतो. आणि लहान चिन्ह हेच नागरी छपाईत सर्वात आधी मोडणारे, पुसट होणारे किंवा शेजारच्या ओळीला चिकटणारे अंग होते.

तात्पर्य, यंत्राच्या सोयीसाठी केलेल्या या बदलाने यंत्राच्याच दुबळ्या जागेवर अधिक भार टाकला. ज्या नवसाक्षर वाचकासाठी सुधारणा होती, त्याला शिकण्याची सोय मिळाली, पण वाचण्याची सोय तितक्या प्रमाणात मिळाली नाही.

५. उंचीला भिडणारे प्रस्ताव

ओळीची उंची कमी करण्याचा विचार कोणीच केला नाही असे मात्र नाही. गोरखप्रसाद यांनी मात्रा व्यंजनाच्या वरखाली न लावता उजव्या बाजूला लावाव्यात असे सुचवले होते. हिंदी साहित्य संमेलनाच्या समितीने १९४१ मध्ये चिन्हे उच्चाराच्या क्रमाने, अक्षरापासून किंचित दूर लावण्याच्या दिशेने शिफारशी केल्या. या प्रस्तावांत उभ्या मांडणीचे आडव्या मांडणीत रूपांतर करण्याची दृष्टी होती. ते पूर्णपणे अमलात आले असते तर नागरीची ओळ रोमन ओळीसारखी सपाट झाली असती.

समाजाने ते स्वीकारले नाहीत. १९५३ च्या लखनौ परिषदेने केवळ ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे नेण्याचा निर्णय घेतला, तोही काही वर्षांतच, १९५७ मध्ये मागे घ्यावा लागला. या अपयशातून एक धडा मिळतो. अक्षर हे नागरी वाचकासाठी एकसंध चित्र असते. मात्रा त्या चित्राचा भाग असते, त्यामागे चालणारे वेगळे चिन्ह नसते. उंची कमी करण्यासाठी हे चित्र मोडले की वाचनाची गती मोडते.

हाच प्रश्न महाराष्ट्रात पुन्हा उद्भवला तो जोडाक्षरांच्या संदर्भात. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या लिपिविषयक निर्णयानंतर शालेय पाठ्यपुस्तकांत ‘विद्यार्थी’ऐवजी ‘विद्‌यार्थी’, ‘शुद्ध’ऐवजी ‘शुद्‌ध’ अशी मांडणी दिसू लागली व तिच्यावर बरीच टीका झाली. मुद्रणाच्या अंगाने पाहता ही उभ्या जोडाक्षराची आडवी उकल होय. तिने खालचा थर हलका होतो, शब्द मात्र लांबतो आणि ओळखीचे चित्र तुटते. वर्ध्याच्या सुधारकांसमोरील पेच येथे जसाच्या तसा आढळतो. फरक इतकाच की, सुधारकांसमोर शिशाची खरी अडचण होती. २००९ मध्ये तशी अडचण उरलेली नव्हती, केवळ अध्यापनाचा युक्तिवाद होता.

६. संगणक : अडचणीचे स्थलांतर

संगणकीय अक्षरजुळणीच्या पहिल्या पिढीत खिळ्यांचीच विचारपद्धती चालू राहिली. एका अक्षरसंचात दोनशे छप्पनपेक्षा अधिक आकृती ठेवता येत नसत. त्यामुळे मात्रा, अर्धी अक्षरे, दांडे असे तुकडे करून ते एकमेकांना जोडले जात. विदर्भात व अन्यत्र मराठीसाठी वापरले गेलेले जुने अक्षरसंच याच पद्धतीचे होते. एकच वेलांटी रुंद व अरुंद अक्षरांवर सारखीच बसे, एकच उकार ‘क’खाली व ‘ट्ट’खाली एकाच उंचीवर येई. युनिकोड आणि त्याला पूरक अशा नव्या अक्षरसंचांनी ही मर्यादा दूर केली. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा अक्षरसंच विंडोजबरोबर घरोघरी पोहोचला. आता हजारो आकृती ठेवता येतात. कालेलकरांची मूळ चिंता, म्हणजे खिळ्यांची संख्या, इतिहासजमा झाली आहे.

तथापि याच प्रक्रियेत खिळ्याचे अंगही नाहीसे झाले. पडद्यावरील अक्षराला धातूची मर्यादा नाही. दोन ओळी एकमेकींवर चढू शकतात आणि त्यांना अडवणारे काही नसते. ओळीची उंची किती ठेवायची हे आता प्रणाली ठरवते, आणि बहुतेक प्रणालींचे मूळ प्रमाण रोमन लिपीचे आहे. पेजमेकर व इनडिझाइन या मांडणीच्या प्रणालींत काहीही न सांगितल्यास ओळीचे अंतर अक्षरमापाच्या १२० टक्के धरले जाते. नागरीला ते अपुरे पडते. ‘टट्टू’ आणि ‘मूर्तींचे’ एकमेकांखाली आले तर प्रणाली कोणतीही सूचना देत नाही.

डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ च्या सुमारास गणिती ग्रंथांसाठी निर्माण केलेल्या ‘टेक’ या प्रणालीचे वर्तन याबाबतीत लक्षणीय आहे. फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये तिच्यात नागरीची सोय केली आणि २००४ नंतर ‘झीटेक’मुळे युनिकोड नागरी थेट वापरता येऊ लागली. ही प्रणाली प्रत्येक ओळ एक पेटी मानते. वरच्या पेटीची खोली आणि खालच्या पेटीची उंची यांची बेरीज ठरलेल्या अंतराहून अधिक झाली, तर ती दोन पेट्यांमध्ये थोडी जागा सोडून खालची ओळ पुढे सरकवते. त्यामुळे अक्षरे एकमेकांवर चढत नाहीत. खिळ्याच्या अंगाचे काम येथे गणिताने केले आहे.

पण या उपायालाही मर्यादा आहे. प्रणाली सर्वात खोल आणि सर्वात उंच अक्षर पाहते, ते ओळीत कोठे आहे हे पाहत नाही. ‘टट्टू’ ओळीच्या आरंभी आणि ‘मूर्तींचे’ पुढच्या ओळीच्या अखेरीस असला, म्हणजे प्रत्यक्ष टक्कर होणार नसली, तरी ओळ सरकतेच. परिणामी एकाच पानावर काही ओळी जवळ, काही दूर अशी विषम मांडणी होते. समोरासमोरच्या दोन पानांवरील ओळी एका रेषेत येत नाहीत. जो दोष प्रणालीचा वाटतो, तो खरे तर मूळ अंतर कमी ठरवल्याचा असतो. मूळ अंतरच नागरीच्या गरजेनुसार दिले, तर प्रणालीला हस्तक्षेप करावा लागत नाही आणि पान सम राहते.

७. ‘दीड अंतर’ या नियमाची चिकित्सा

या पार्श्वभूमीवर शोधप्रबंधांच्या मांडणीविषयी सर्रास आढळणारा नियम तपासता येतो. अक्षरमाप अमुक आणि ओळींमधील अंतर दीड, असे त्याचे स्वरूप असते. हा नियम टंकलेखन यंत्राच्या काळातून आला आहे. तेथे सर्व अक्षरे एकाच मापाची होती आणि दांडा फिरवून एक, दीड किंवा दोन अंतर घेतले जाई. संगणकावर ‘दीड’ हा शब्द तितका नेमका राहिला नाही.

‘वर्ड’ या प्रणालीत एकेरी अंतर म्हणजे त्या अक्षरसंचात नोंदलेली स्वाभाविक उंची. टाइम्स न्यू रोमन या अक्षरसंचात ती अक्षरमापाच्या सुमारे १.१५ पट आहे. बारा पॉइंट अक्षराला दीड अंतर दिले की ओळ सुमारे २०.७ पॉइंटची होते. ‘लाटेक’मध्ये दीड अंतराची जी रूढ आज्ञा आहे, ती अक्षरमापाच्या दीडपट, म्हणजे १८ पॉइंटची ओळ देते. नऊ इंच उंचीच्या मजकुरात पहिल्या पद्धतीने ३१ ओळी मावतात, दुसऱ्या पद्धतीने ३६. दोन्ही संशोधकांनी नियम तंतोतंत पाळलेला असतो आणि दोनशे पानांच्या प्रबंधात तीसहून अधिक पानांचा फरक पडतो.

मराठीत हा गोंधळ अधिक वाढतो. ‘मंगल’सारख्या अक्षरसंचात वरखालच्या थरांसाठी मोठी उंची नोंदलेली असते. त्यामुळे त्याचे एकेरी अंतरच मोकळे असते आणि दीड अंतर केले की पान विरळ दिसते. जुन्या तुकडेवजा अक्षरसंचांत मात्र स्वाभाविक उंची रोमनच्या धर्तीवर नोंदलेली असे, तेथे दीड अंतरही कधी कधी जेमतेम पुरे. शिवाय मराठी परिच्छेदात रोमन आकडे किंवा इंग्रजी शब्द वेगळ्या अक्षरसंचात आले, की ज्या ओळींत ते येतात त्यांची उंची वेगळी ठरते. एका परिच्छेदात तीन प्रकारच्या ओळी दिसतात. यावर उपाय म्हणून ‘नेमके अंतर’ हा पर्याय निवडून ते रोमनच्या हिशेबाने दिले, तर पडद्यावर वेलांट्यांची टोके कापलेली दिसतात.

अशा स्थितीत नियम कसा असावा? तो गुणोत्तरात न देता जोडीने द्यावा, हे अधिक सयुक्तिक ठरेल. अक्षरसंचाचे नाव, अक्षरमाप आणि ओळीची नेमकी उंची, तिन्ही पॉइंटमध्ये सांगावेत. उदाहरणार्थ, अक्षर १३ पॉइंट असल्यास ओळ २० पॉइंट. सामान्यतः नागरीला अक्षरमापाच्या सुमारे दीडपट ओळ मानवते, परंतु अंतिम निर्णय अक्षरसंच पाहूनच करावा. त्यासाठी उंच व खोल शब्दांच्या दोन ओळी एकाखाली एक छापून पाहाव्यात.

ओळीची उंची स्वतंत्रपणे ठरत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. मराठीत प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लिहिली जात असल्याने शब्द लांब होतात. ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ हा एक शब्द अरुंद स्तंभातील निम्मी ओळ व्यापतो. दोन्ही कडा सरळ ठेवण्याच्या आग्रहात उरलेल्या शब्दांमध्ये मोठी पोकळी पडते. शब्दांमधील अंतर ओळींमधील अंतरापेक्षा अधिक दिसू लागले, की नजर आडवी जाण्याऐवजी खाली घसरते. म्हणून अरुंद स्तंभात उजवी कडा मोकळी सोडणे आणि रुंद ओळीत अंतर वाढवणे, हे दोन्ही निर्णय एकत्रच घ्यावे लागतात. समास, ओळीची लांबी आणि ओळीची उंची ही एकाच विचाराची तीन अंगे आहेत.

८. ‘गीताई’च्या पानाची साक्ष

वर्ध्याच्याच परंपरेत या विचाराचे एक अनुकूल उदाहरण आहे. विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या काळात ‘गीताई’ रचली व १९३२ मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. खिशात मावेल अशा छोट्या आकारात ती घरोघरी गेली. छोट्या पुस्तकात कागद वाचवण्याचा मोह मोठा असतो. पण श्लोकबद्ध रचनेत प्रत्येक श्लोक ही स्वतंत्र एकके असतात, आणि दोन श्लोकांमधील मोकळी जागा विरामचिन्हाचे काम करते. श्लोकातील ओळी परस्परांच्या जवळ आणि श्लोक परस्परांपासून दूर, ही मांडणी पाठ करणाऱ्याच्या श्वासाला सोयीची असते. येथे अंतर हे अर्थाचे वाहक झाले आहे.

वर्ध्यातील गोपुरी येथे १९८० मध्ये खुल्या झालेल्या गीताई मंदिरात तोच मजकूर शिळांवर कोरलेला आहे. त्या मंदिराला छप्पर नाही, मूर्ती नाही. शब्द हेच तेथील दर्शन. पुस्तक हातात धरून वाचणारा आणि शिळेसमोर उभा राहून वाचणारा, यांच्या नजरेचे अंतर वेगळे असते. शिळेवर शाई नसते, अक्षर छायेने दिसते. म्हणजे मजकूर एक असूनही माध्यमानुसार अक्षराचे माप आणि ओळीचे अंतर यांचा नव्याने विचार करावा लागतो. प्रणालीने दिलेले तयार अंतर दगडाला नसते, ते माणसालाच ठरवावे लागते. कागदावरही ते माणसानेच ठरवावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

९. निष्कर्ष

१. वर्ध्याच्या लिपिसुधारणेचा हेतू लोकाभिमुख होता आणि तिची शैक्षणिक बाजू तर्कसंगत होती. तथापि तिने नागरी छपाईची अडचण खिळ्यांच्या संख्येत पाहिली, ओळीच्या उंचीत पाहिली नाही.

२. ‘अ’च्या बाराखडीने मधल्या पट्ट्यातील स्वर वरच्या व खालच्या थरांत नेले. मुद्रणाच्या दृष्टीने हा तिचा दुर्लक्षित दोष होय.

३. उंचीला थेट भिडणारे प्रस्ताव अक्षराचे एकसंध चित्र मोडत असल्याने टिकले नाहीत. यावरून, अक्षर न मोडता ओळीला पुरेशी जागा देणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

४. संगणकाने संख्येची अडचण दूर केली आणि त्याचबरोबर खिळ्याच्या अंगाने मिळणारे संरक्षणही काढून घेतले. रोमन प्रमाणावर आधारित तयार अंतर मराठी मजकुराला तसेच लागू करणे योग्य नाही.

५. विद्यापीठे, महाविद्यालये व नियतकालिके यांनी ‘दीड अंतर’ हा संदिग्ध नियम बदलून अक्षरसंच, अक्षरमाप आणि ओळीची उंची यांचा नेमका निर्देश करावा. मांडणीचा निर्णय टंकलेखकावर न सोडता संपादकाने घ्यावा.

कालेलकर आणि विनोबा यांनी लिपीसंबंधी जो प्रश्न विचारला, तो मुळात वाचकासंबंधीचा प्रश्न होता. छापील नागरी कोणाला आणि किती सहज वाचता यावी, हे त्यांनी विचारले. त्यांच्या काळी यंत्राला अनुसरून अक्षर बदलण्याखेरीज मार्ग दिसत नव्हता. आज यंत्र अक्षराला अनुसरू शकते. अशा वेळी एका अनुस्वारासाठी लागणारी दोन-तीन पॉइंटची जागा नाकारणे, हे त्या प्रश्नाकडे पाठ फिरवणे ठरेल.